सेव्हनच्या जातीची हलकी गाडी निवडताना: अडत्याचा काटा, टेप आणि युरियाच्या दोन गोण्या

लोटस सेव्हन १९५७ साली इंग्लंडमध्ये आली. कॉलिन चॅपमनने ती मुद्दामच उघडीबोडकी ठेवली होती. पाईपचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, छप्पर नावापुरतं. तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांच्या पेटीवर, म्हणजे किटवर, लागत नसे, म्हणून लोक पेटी घरी आणून गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये हक्क केटरहॅमकडे गेले आणि ते आजही तीच गाडी बनवतात. वेस्टफील्ड, हॉलंडची डॉंकरव्हूर्ट, दक्षिण आफ्रिकेची बर्किन आणि घरच्या घरी पाईप कापून केलेली ‘लोकॉस्ट’ ही तिचीच भावंडं, काही सख्खी, काही चुलत. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच जातीची रोडस्टर काढली होती. तिचं अंग फायबरचं आणि इंजिन काँटेसात यायचं तेच इसुझूचं १.८ लिटर.

यांची तुलना करायला बसलं की पहिली नजर अश्वशक्तीच्या आकड्यावर जाते. तो आकडा सगळ्यात शेवटी पाहा. आधी वजन, मग मागचा ॲक्सल, मग पोटाखालची जागा, मग मे महिन्यात पाणी उकळतं का ते. आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या पुढे गावात राहत असाल तर या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न विचारा: तुटलेला भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का?

आधी रस्त्याचं बोलून घेऊ

ब्रिटनमध्ये घरी जोडलेली एकेक गाडी तपासून पास करून घेता येते. आयव्हीए नावाची तपासणी त्यासाठीच आहे. आपल्याकडे एकट्यादुकट्या माणसाला तशी वाट नाही. इथे मान्यता मॉडेलला मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे बनवणाऱ्याने नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यायचा असतो. जुन्या ओम्नीचं आरसी बुक नव्या सांगाड्याला लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि मूळ उत्पादकाच्या रचनेत असा बदल चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे पुढचं सगळं स्वतःच्या जागेत किंवा रेस ट्रॅकवर चालवायच्या गाडीबद्दल आहे, असं समजून वाचा. ट्रॅकवर न्यायची तर लादूनच न्यावी लागते. सव्वातीन हात रुंद आणि ३.१ मीटर लांब गाडी टाटा एसच्या डाल्यात मावत नाही. निदान नऊ फुटी डाल्याचा पिकअप लागतो, तोही फाळका पाडून.

वजन

माहितीपत्रकातलं वजन कधी ‘ड्राय’ असतं, म्हणजे पेट्रोल, ऑइल, पाणी न धरता, आणि कधी सगळं भरून. दोन गाड्यांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीचे असतील तर तुलना तिथेच फसते. कोणताही आकडा असो, त्यात ७५ किलोचा चालक मिळवा आणि मगच अश्वशक्तीला त्या वजनाने भागा.

केटरहॅम १७० घ्या. वजन ४४० किलो, इंजिन सुझुकीचं ६६० सीसी टर्बो, ८४ अश्वशक्ती. कागदावर टनाला १९१ अश्वशक्ती पडते, चालक बसला की ५१५ किलोला १६३. आता इकोचं १.२ लिटरचं ७३ अश्वशक्तीचं जुनं इंजिन घातलेली, गावात जोडलेली ६०० किलोची गाडी घ्या. चालकासकट ६७५ किलो, टनाला १०८. हीच गाडी ५२० किलोत बसवली तर आकडा १२३ वर जातो, आणि त्यासाठी इंजिनाला हातही लावावा लागत नाही. शिवाय वाचलेले ८० किलो ब्रेकलाही थांबवावे लागत नाहीत.

जिनिंगच्या मोठ्या काट्यावर गाडी तोलता येते, पण ट्रकचा काटा बऱ्याचदा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. एवढ्या हलक्या गाडीला ती चूक फार झाली. खरं काम अडत्याच्या दुकानातल्या ३०० किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं आहे. असे चार काटे एका दुपारपुरते जमवा. कापूस-सोयाबीनच्या हंगामात कोणी देणार नाही, मार्च उजाडू द्या. चारही काटे गवंड्याच्या लेव्हल पाईपने एका पातळीत आणा आणि खालच्या काट्याखाली पत्र्याचे तुकडे सरकवा. इथे ५ मिलिमीटरचा फरक राहिला तरी पुढचे सगळे आकडे खोटे येतात. चारही चाकांत हवा ठरलेली ठेवा, अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची दांडी) असेल तर एका बाजूने सोडा, चालकाच्या जागी ७५ किलो वजन ठेवा, आणि गाडी चढवल्यावर चारही कोपरे दाबून हलवा म्हणजे स्प्रिंग मोकळ्या बसतील.

समजा पुढचं डावं चाक १५२ किलो, पुढचं उजवं १३२, मागचं डावं १३६, मागचं उजवं १७५ भरलं. एकूण ५९५. आता तिरपी बेरीज करा: पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ३२७, म्हणजे ५५ टक्के. दुसरी तिरपी जोडी फक्त २६८. ही गाडी जोरात ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक आधी घसटते, आणि डावीकडे एक वागते तर उजवीकडे दुसरंच. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या स्प्रिंगची बैठक अर्धा-अर्धा आटा खाली घ्या, गाडी हलवा, पुन्हा वाचा. ५० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे एक टक्का राहिला की पुरे. बैठक फिरवायची सोयच नसेल, तर ती किट घेण्याआधी दोनदा विचार करा.

मागचा ॲक्सल

इथेच या भावंडांमध्ये खरा फरक आहे. जुन्या सेव्हनला आणि आजच्या केटरहॅम १७० ला सलग ॲक्सल आहे, म्हणजे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअर) आणि दोन्ही चाकं एकाच ताठ घरात, हाउसिंगमध्ये. केटरहॅमच्या वरच्या मॉडेलना डी डिऑन, म्हणजे डिफरन्शियल सांगाड्याला घट्ट आणि दोन्ही हब एका हलक्या नळीने जोडलेले. वेस्टफील्डमध्ये दोन्ही चाकं स्वतंत्र असलेली रचनाही मिळते.

सलग हाउसिंग स्वस्त, दणकट आणि कोणत्याही मिस्त्रीच्या ओळखीचं. त्याचा दोष हलक्या गाडीतच दिसतो. हाउसिंग, ड्रम आणि चाकं मिळून ७० किलो भरली, आणि मागच्या बाजूला गाडीचं एकूण वजनच तीनशे किलो असलं, तर जवळपास पाव वजन स्प्रिंगच्या खाली चाकाबरोबर उड्या मारतं. गुळगुळीत डांबरीवर ते कळतही नाही. खडबडीत रस्त्यावर मागची बाजू आपटत राहते आणि चाक हवेत असताना ना पकड मिळते ना ब्रेक. म्हणून किट पाहताना मागचा सांगाडा किती चकचकीत आहे ते नको, हाउसिंगचं नुसतं वजन विचारा.

ओम्नीचे पाटे जसेच्या तसे लावायचा मोह होतो. ते माल भरलेल्या व्हॅनसाठी आहेत, पाचशे किलोच्या गाडीखाली ते वाकतच नाहीत. त्याऐवजी चार लांब दांड्या, एक आडवी पॅनहार्ड दांडी आणि स्प्रिंगसकट शॉकअप असलेली रचना बरी. पॅनहार्ड दांडी गाडी उभी असताना जमिनीला समांतर हवी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग बाजूला सरकतो. दांड्यांच्या पट्ट्या हाउसिंगवर वेल्ड करताना आतले शाफ्ट आणि सील आधी काढा आणि २० मिलिमीटरचे तुकडे खाली-वर आलटून-पालटून मारा. एका बाजूने सलग वेल्ड ओढला की नळी त्या बाजूला ओढली जाते. मग महिन्याभरात सील गळतं, ऑइल ब्रेकच्या लायनिंगवर जातं, आणि लोक सीलला शिव्या देत बसतात.

इंजिन-गिअरबॉक्स कुठलं घालायचं

इंग्लंडच्या किट फोर्ड किंवा माझदाच्या भागांवर बेतलेल्या असतात. ते भाग इथे आणून गाडी उभी राहील, पण पहिला वॉटर पंप गेला की ती वर्षभर गोठ्यात उभी राहील. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली आपल्याकडची यादी छोटी आहे.

ओम्नी: ७९६ सीसी, सुमारे ३५ अश्वशक्ती. २०१९ मध्ये बंद झाली तरी भाग गल्लोगल्ली मिळतात. शिकायला उत्तम, शर्यतीला नाही.

इको: सगळ्यात शहाणी निवड. पण एक खाच ध्यानात ठेवा. ओम्नी आणि इको दोन्हींत इंजिन सीटखाली कललेलं बसवलेलं असतं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, आणि त्यातली ऑइल ओढायची जाळी त्याच कोनासाठी केलेली आहे. बॉनेटखाली इंजिन सरळ उभं केलं तर चेंबरमध्ये ऑइल जाळीपासून दूर एका बाजूला साचतं, वळणावर ते आणखी सरकतं, आणि इंजिन कोरडं हवा ओढतं. ऑइलचा दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. इंजिन कंपनीच्याच कोनात बसवा. तसं बसत नसेल तर चेंबर कापून जाळी नव्या तळाशी आणा आणि आत आडवे पडदे वेल्ड करा. ‘तसंच बसतं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला चेंबर उघडून दाखवायला सांगा.

जिप्सी: १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती. तिचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, दोघांमध्ये छोटा शाफ्ट. त्यामुळे तो काढून गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट नेता येतो. ट्रान्स्फर केस ‘हाय’मध्येही फेरे १.४ पटीने कमी करतो. तो गेला की गिअर तेवढे लांब होतात, आणि हलक्या गाडीला, लहान चाकांवर, ते मानवतं. अडचण मागच्या हाउसिंगची: डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला आहे, त्यामुळे शाफ्टचा बोगदा चालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या मांडीत घुसतो. पुढचा ॲक्सलही सलग आहे, तो इथे काही कामाचा नाही.

काँटेसा आणि प्रीमियर पद्मिनीला पुढे दुहेरी विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आडवे हात, आहेत, सेव्हनच्या नाकात बसायला तेच हवेत. पण किंगपिन-बुशसाठी भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. आजकालच्या गाड्यांचा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा उभा खांब) तर इतका उंच की बॉनेट फोडून वर येईल. स्ट्रटवाला नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वापरायचाच असेल तर वरच्या टोकाला बॉल जॉइंट धरणारा तुकडा लेथवर करून घ्यावा लागतो. स्टेअरिंगचे हात मूळ गाडीत ज्या बाजूला होते त्याच बाजूला रॅक ठेवा. जागेसाठी पुढचं मागे केलं आणि रॅक तसाच राहिला, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळतात. हसू नका, हे होतं.

मोटारसायकलचं इंजिन घातलेल्या सेव्हन फार चपळ असतात. केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन ४३ अश्वशक्ती देतं, तेही मूठभर वजनात. पण मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या ऑइलला तळ सुटत नाही. गाडी कलत नाही, ऑइल मात्र बाहेरच्या भिंतीवर चढतं. शिवाय रिव्हर्स नाही, आणि गाडी जागेवरून हलवताना क्लचच्या प्लेटा जळतात. नुसत्या ट्रॅकसाठी ठीक. वावराच्या वाटेवर मागे घ्यायची वेळ आली की उतरून ढकला.

पोटाखालची जागा

सेव्हनची चाकांमधली लांबी सुमारे २.२ मीटर आणि चेंबर जमिनीपासून वीतभरही नाही, जेमतेम चार बोटं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्यावर दोन्ही चाकं चढलेली असताना मधला उंचवटा फक्त साडेतीन-चार सेंटिमीटर वर येतो, सेव्हन आरामात जाते. आपल्या गावातला, रात्रीतून टाकलेला १२ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद टेकाड मात्र पूर्ण १२ सेंटिमीटर मागतो. तुमच्या आवारापासून गाडी चालवायच्या मोकळ्या पट्टीपर्यंतच्या वाटेवरचं सगळ्यात वाईट टेकाड टेपने मोजा, त्यात ३ सेंटिमीटर मिळवा, आणि ती उंची न देणारी किट यादीतून काढा. चेंबरखाली ४ मिलिमीटरची लोखंडी पट्टी लावता येते, पण तिच्यामुळे जागा वाढत नाही, फक्त नुकसान स्वस्त पडतं.

पावसाळ्यात काळ्या मातीत ही गाडी चालत नाही, एवढंच.

ऊन आणि फुफाटा

९५ अंशांचं पाणी २० अंशांच्या हवेत थंड करायचं तर ७५ अंशांचा फरक मिळतो. चंद्रपूरच्या ४६ अंशांत तो ४९ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तीच हवा, आणि काम एक तृतीयांशाहून जास्त घटलं. इंग्लंडच्या थंडीत बेतलेल्या किटचा रेडिएटर इथे लहानच पडणार, हे आधीच धरून चाला. नाकात रुंद रेडिएटर मावतो का ते मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाक आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी रबराच्या पट्टीने बंद आहेत का ते पाहा. हवेला बाजूने पळवाट मिळाली की ती जाळीतून कशाला जाईल? पंखा तापमानाच्या स्विचवर हवा, हाताच्या बटणावर नको. हातानं लावायचा पंखा माणूस विसरतो.

नाक खाली असल्याने रेडिएटरचं झाकण इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली येतं. पाणी भरताना हवा वर सिलिंडर हेडमध्ये अडकते, काटा मात्र थंड दाखवतो, कारण सेन्सर वाफेत लोंबतोय. पाण्याची टाकी इंजिनाच्या सगळ्यात उंच जागेपेक्षा वर बसवलेली नसेल, तर ती बसवायचा खर्च तुलनेत धरा. जाळीपुढे बारीक तार लावा, कापसाचा धागा आणि सोयाबीनचं भुसकट दोन दिवसांत रेडिएटर बंद करतं.

फुफाट्यात उघड्या तोंडाचे कार्बोरेटर छायाचित्रातच शोभतात. फिल्टर बसवायला बॉनेटखाली जागा नसलेली किट नको. दांड्यांच्या टोकाला उघडे ‘रोज जॉइंट’ (धातूचे गोल सांधे) असतील तर त्यांवर रबरी टोप्या चढवा, किंवा सरळ रबरी बुशवाली रचना निवडा. ट्रॅकवर बुश थोडी मऊ वाटते, पण धुळीत उघडा जॉइंट एका उन्हाळ्यात खुळखुळतो.

सांगाडा तपासायची रीत

लोकॉस्टचा सांगाडा बहुतेक २५ मिलिमीटर चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीच्या पाईपचा असतो. साधारण ४५ मीटर, म्हणजे सहा मीटरच्या आठ नळ्या धरा. दुकानात ‘१६ गेज’ म्हणून १८ गेज देतात, आणि रंगाखाली कळत नाही. नळी काट्यावर टाका: १.६ ची सहा मीटर नळी ७ किलो भरते, १.२ ची साडेपाचच्या आत. जस्ताचा मुलामा असलेली नळी घेऊच नका. वेल्ड सच्छिद्र होतो आणि धूर अंगावर ताप आणतो.

तयार सांगाडा असेल तर कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण मोजा, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. तिरपी नळी नसलेला चौकोन दिसला की तिथे बोट ठेवून कारण विचारा. केटरहॅममध्ये पत्राही ताण घेतो, त्यामुळे जुनी गाडी पाहताना रिबिटांभोवती बारीक काळा डाग शोधा. तो मळ नसतो, हलणाऱ्या पत्र्याची झिजलेली भुकटी असते. रिबिट नव्या मारून डाग जातो, सांगाड्याचं हलणं तसंच राहतं. फायबरच्या अंगात बोल्टच्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पाहा. फायबर निदान गावातला टाक्या सांधणारा कारागीर दुरुस्त करू शकतो.

पिळाचा कस असा लावा. सांगाड्याची मागची दोन टोकं जड बाकाला शिकंज्याने बांधा. पुढचं टोक मधोमध एका गोल सळीवर टेकवा, म्हणजे ते फिरू शकेल. पुढे आडवी मजबूत नळी बांधा, मध्यापासून बरोबर एक मीटरवर दोन युरियाच्या गोण्या टांगा. गोणी ४५ किलोची आहे, ५० ची नाही, हिशेबात चुकू नका. ९० किलो गुणिले ९.८ म्हणजे सुमारे ८८० न्यूटन-मीटर पीळ. एक मीटरवर टोक १७.५ मिलिमीटर उतरलं तर एक अंश. समजा ९ मिलिमीटर उतरलं, म्हणजे अर्धा अंश, तर ताठपणा अंशाला सुमारे १,७०० न्यूटन-मीटर. मागची टोकंही थोडी हलतात, तिथला फरक मोजून वजा करा. हजाराच्या खाली आकडा आला तर इंजिनाच्या खणात तिरप्या नळ्या वाढवल्याशिवाय सस्पेन्शनवर पैसे घालू नका. सांगाडाच स्प्रिंगसारखा वागत असताना चार काट्यांवरचे आकडे रोज वेगळे येतील.

स्वतः वेल्ड करणार असाल तर शेतीपंपांचे फिडर चालू असतानाची वेळ टाळा. व्होल्टेज १८० वर आलं की वेल्ड वरून छान दिसतो, पण आत शिरत नाही. रोज काम सुरू करण्याआधी त्याच नळीचे दोन तुकडे जोडा, शिकंज्यात धरून घणाने मोडा. नळी फाटली तर काम सुरू करा, वेल्ड सुटला तर वीज सुधारेपर्यंत थांबा.

ब्रेकला बूस्टर नसतो, म्हणून पॅडलची लिव्हर पाच-सहास एक हवी, आणि मास्टर सिलिंडर मूळ गाडीपेक्षा लहान व्यासाचा लागू शकतो. मोकळ्या पट्टीवर ताशी ३० किलोमीटरने जोरात ब्रेक मारा आणि कोणती चाकं आधी घसटतात ते पाहायला बाजूला एक माणूस उभा करा. मागची चाकं आधी घसटली तर गाडी पुढे नेऊ नका. मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा ताशी ३० पासूनच सुरुवात करा.